रात्री पीसी बंद करावा का?

घरचा डेस्कटॉप असेल तर बंद कर. नुसता चालू ठेवलेला पीसी साधारण ६० वॅट खातो. रात्रीचे दहा तास धरले तर ०.६ युनिट, म्हणजे महिन्याला १८ युनिट फुकट. रोज बंद-चालू केल्याने मशीन खराब होतं ही भीती सोडून दे.

स्लीपमध्ये खर्च नगण्य, पण काम रॅममध्येच, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीत असतं. लाइट गेली आणि यूपीएस नसेल, तर सेव्ह न केलेलं सगळं गेलं. आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही, त्यामुळे हायबरनेट बरं: सगळं डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद होतं.

एक गोम आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावरही कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, ताजा होत नाही, जुनाच डिस्कवरून परत येतो. प्रिंटर किंवा वायफाय विचित्र वागायला लागलं की म्हणून 'रीस्टार्ट' कर, शट डाउन नको.

वळवाच्या दिवसांत मात्र भिंतीवरचं बटण पुरत नाही. प्लग उपस, आणि राउटरची लॅन केबलही काढ. विजेचा झटका तिच्यातूनही मदरबोर्डपर्यंत पोचतो. ही केबल बहुतेक जण विसरतात.