दुसऱ्याच्या सोशल मीडिया प्लॅटफॉर्मवर चालणारं छोटं ॲप काढून धंदा करावा का?

करा, पण दुकान भाड्याच्या जागेत आहे हे धरून. तेही भाडेकरार नसलेल्या.

ट्विटरिफिक घ्या. ट्विटर (आताचं एक्स) वाचायचं, दुसऱ्या कंपनीने काढलेलं २००७ पासूनचं ॲप. पक्ष्याचं चिन्ह ट्विटरच्याही आधी यांनी वापरलं. जानेवारी २०२३ मध्ये ते आणि तसंच दुसरं ॲप ट्वीटबॉट ट्विटरने एका रात्रीत बंद पाडले. आधी कोणी काही कळवलं नाही; आठवड्याभराने अशी ॲप चालणार नाहीत असा नियमच केला. खरा मार पुढे होता. लोकांनी वर्षाची वर्गणी आगाऊ भरलेली, उरलेल्या महिन्यांचे पैसे परत द्यायचे आणि त्यातला मोठा वाटा डेव्हलपरच्या खिशातून. शेवटी ॲपमध्येच 'मला परतावा नको' असं बटण द्यावं लागलं!

रेडिट या चर्चेच्या साइटसाठीचं असंच ॲप अपोलो. रेडिटचा मजकूर वापरण्याच्या नव्या दराने त्याला वर्षाला सुमारे २ कोटी डॉलर पडणार होते. ३० जून २०२३ ला शटर खाली.

म्हणून वार्षिक वर्गणी आली की लगेच उडवू नका, दरमहा बाराव्या हिश्शालाच हात लावा. ग्राहकांचे ईमेल स्वतःकडे ठेवा. आणि प्लॅटफॉर्मच्या मूळ ॲपला पर्याय तर बनवूच नका. तुमच्याकडे त्यांच्या जाहिराती दिसत नाहीत, हेच मालकाच्या डोळ्यात खुपतं. दुकानदारांना पोस्ट शेड्यूल करून देणं वगैरे त्या मानाने बरं.