गॅमा किरण दिलेल्या मातीत युरिएज चालू दिसतंय, नमुना फुकट गेला का?

तुम्ही लिहिलंय की पुण्याजवळच्या काळ्या मातीला जंतू मारायला गॅमा किरणांची २५ किलोग्रे मात्रा दिली (ग्रे हे किरणमात्रेचं एकक, किलोग्रे म्हणजे हजार ग्रे), पोषक माध्यमाच्या प्लेटवर जंतूंची एकही वसाहत उगवली नाही, तरी युरिया घातला की अमोनिया तयार होतोय, म्हणजे युरिया फोडणारं युरिएज हे एंझाइम चालू आहे. आणि आता नमुना टाकून द्यायचं ठरतंय.

कृपा करून टाकू नका. मी हीच चूक केली आहे. इथेच पुण्यात, मुळशीकडून आणलेल्या मातीच्या पिशव्या 'किरण नीट लागले नाहीत' असं समजून फेकून दिल्या. लगेच पावसाळा लागला, तशी कोरडी माती त्या वर्षी पुन्हा मिळाली नाही. त्याचं अजून वाईट वाटतं.

जंतू मेले म्हणजे एंझाइम संपली असं होत नाही. डीएनए हा फार लांब रेणू, पेशीत त्याच्या मोजक्याच प्रती. तो तुटला की पेशीची वाढ थांबते. एंझाइमचा रेणू त्यामानाने चिमुकला आणि प्रती भरपूर. काही निकामी झाल्या तरी बाकीच्या काम करत राहतात. शिवाय मातीतलं बरंचसं युरिएज जिवंत पेशीत नसतंच. कधीच्या मेलेल्या पेशींतून बाहेर पडून ते चिकणमातीच्या आणि ह्युमसच्या (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाच्या) कणांना बिलगून बसलेलं असतं, आणि तिथे ते टिकतं. आपल्या काळ्या मातीत अशा चिकणकणांची काय कमी! इलेक्ट्रॉन झोताने निर्जंतुक केलेल्या मातीत युरिएज शाबूत राहतं, हे मॅकलॅरेन आणि सहकाऱ्यांनी १९५७ मध्येच दाखवलं होतं. फॉस्फटेज (सेंद्रिय पदार्थातून फॉस्फेट सोडवणारं एंझाइम) हेही बऱ्यापैकी तग धरतं.

डिहायड्रोजनेज या एंझाइमची गोष्ट निराळी. ते पेशीच्या श्वसनाशी बांधलेलं, त्यामुळे जंतू मेले की घसरतं. पण लगेच शून्य होईल अशी अपेक्षा नको. वाढ थांबलेल्या पेशींत थोडी धुगधुगी काही दिवस राहते. मातीतून कार्बन डायऑक्साइडही येत राहतो.

मात्रेबद्दल: साधारण १० किलोग्रेला बहुतेक बुरशी जातात, २० च्या आसपास बहुतेक जिवाणू, पण काही चिवट जातींना ७० पर्यंतही लागू शकतात. (लासलगावला कांद्याचे कोंब रोखायला जेमतेम ६० ते ९० ग्रे पुरतात, यावरून अंदाज घ्या.) म्हणून एका प्लेटवर विसंबू नका. माती निर्जंतुक पाण्यात ढवळून, वेगवेगळ्या माध्यमांवर, आठवडाभर ठेवून बघा.

एक तपासणी मात्र आजच करा: युरिया न घातलेली तीच माती शेजारी ठेवून तिचा अमोनिया मोजा. किरणांनी मेलेल्या पेशींतून अमोनियम सुटतं, ते युरिएजच्या खात्यात जमा व्हायला नको.

आणि एंझाइमरहितच माती हवी असेल तर त्याच मातीचा एक भाग ऑटोक्लेव्ह करा (दाबाखालच्या वाफेत तापवा), १२१ अंश सेल्सिअसवर, लागोपाठ दोन-तीन दिवस. त्यात युरिएज जवळपास संपतं. पण मातीची घडणही बिघडते आणि मँगनीज मोकळं होतं, त्यामुळे तो भाग तुलनेपुरताच ठेवा. मुख्य प्रयोग किरण दिलेल्या मातीवरच करा. पिशवी मात्र लॅमिनार फ्लोमध्येच (गाळलेल्या, जंतूरहित हवेच्या कपाटात) उघडा.