घरच्या कॉम्प्युटरला कोणता अँटिव्हायरस घ्यावा आणि फायरवॉल वेगळी लागते का?

तुम्ही लिहिलंय की घरी विंडोज १० चा जुना डेस्कटॉप आहे, चौथ्या जनरेशनचा आय-थ्री, रॅम ४ जीबी. वहिनी त्यावर दोन-तीन दुकानांचे जीएसटीचे हिशेब करतात, मुलगी बारावीला आहे, बँकेचं कामही त्यावरच होतं. दुकानदारानं 'टोटल सिक्युरिटी' या विकतच्या अँटिव्हायरसचं तीन वर्षांचं पॅक सुचवलंय आणि 'फायरवॉलवालंच घ्या' असंही सांगितलंय. घ्यायचं का, आणि घ्यायचं तर कुठलं?

माझं मत, पॅक घेऊ नका. विंडोजबरोबर आलेला डिफेंडर हा अँटिव्हायरस आणि विंडोजचीच फायरवॉल, म्हणजे न बोलावता बाहेरून येणाऱ्याला अडवणारं दार, तुमच्या घराला पुरते. पण ती दोन्ही खरोखर चालू आहेत का, हे आज घरी गेल्यावर बघा.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो, वीसएक वर्षं झाली. व्हायरसनं खाल्लेली घरची जी मशीन माझ्या टेबलावर आली, त्यात अँटिव्हायरसच नव्हता अशी फार थोडी. बहुतेकांत तो होता, आणि घरातल्याच कुणीतरी तो बंद केलेला होता. म्हणून कंपनी कुठली यापेक्षा 'अँटिव्हायरस बंद करा' असं तुमच्या घरात कोण सांगतंय, याची मला जास्त काळजी वाटते.

एक उदाहरण सांगतो. लग्नाचे फोटो काढणारा एक मुलगा सीपीयू उचलून घेऊन आला. चार वर्षांचे अल्बम, सगळ्या फाइल पांढऱ्या पडलेल्या, प्रत्येक नावाच्या शेवटी चार नवीच अक्षरं चिकटलेली, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये डॉलरमध्ये पैसे मागणारी एक चिठ्ठी. रॅन्समवेअर, म्हणजे फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. आदल्या रात्री त्यानं अल्बम डिझाइनच्या एका सॉफ्टवेअरचा क्रॅक, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर फुकट चालवून देणारी चोरटी फाइल, उतरवला होता. त्या झिप फाइलला पासवर्ड होता. तो पासवर्ड तुमच्या सुरक्षेसाठी नसतो. अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून असतो. सोबतच्या नोटपॅडच्या फाइलमध्ये पहिली सूचना होती, अँटिव्हायरस बंद करा. त्यानं केला. मी डिफेंडरनं काय काय अडवलं त्याची नोंद, 'प्रोटेक्शन हिस्टरी', उघडून पाहिली तर डिफेंडरनं त्याआधी दोनदा ती फाइल अडवलेली दिसत होती. मी विचारलं, दोनदा अडवलं तरी का चालवलीस? तो म्हणाला, "क्रॅकला अँटिव्हायरस व्हायरस म्हणतोच की, सगळेच सांगतात."

हे वाक्य मी आपल्या कोल्हापुरात इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता ऐकलं तरी पोटात गोळा येतो. ज्याला तुमच्या घरात शिरायचंय, त्यानंच हा समज पसरवलेला आहे. त्या जातीच्या रॅन्समवेअरच्या जुन्या आवृत्त्यांसाठी एमसिसॉफ्ट या कंपनीनं २०१९ मध्ये कुलूप उघडणारं मोफत टूल काढलं होतं, पण याची आवृत्ती नवी निघाली. ही जात फाइलचा फक्त सुरुवातीचा तुकडा कुलूपबंद करते, त्यामुळं काही मोठे व्हिडिओ दुरुस्त करता आले. फोटो बहुतेक गेले. कॅमेऱ्याच्या कार्डांवरून थोडे परत काढले. एका जोडप्याचा अल्बम तर अजून छापायचाही होता. त्यांना फोन करताना तो माझ्या दुकानाच्या पायरीवर बसला होता.

तर आता तुमच्या मशीनवर काय बघायचं. स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये जा, तिथं 'मॅनेज सेटिंग्ज'. 'रिअल-टाइम प्रोटेक्शन' आणि 'टॅम्पर प्रोटेक्शन' दोन्ही चालू हवीत. मग त्याच पानावर खाली 'एक्सक्लूजन्स' आहे, ते उघडा. ही जागा कुणी बघत नाही, मी मात्र मशीन आलं की सगळ्यात आधी हीच बघतो. डिफेंडरनं ज्या जागा तपासायच्या नाहीत त्यांची ती यादी असते. कितीदा तिथं आख्खा सी ड्राइव्ह लिहिलेला सापडतो! वर सगळीकडं हिरवी टिकमार्क, मशीन सुरक्षित असल्याचं सांगतंय, आणि प्रत्यक्षात डिफेंडर काहीच तपासत नाहीये. हे कधी क्रॅक स्वतः करतो, कधी विंडोज फुकट ॲक्टिव्हेट करून देणारा करतो. तुमच्या यादीत तुम्ही स्वतः न टाकलेलं काही असेल तर ते काढा, पूर्ण स्कॅन लावा, आणि मशीन स्वच्छ निघेपर्यंत त्यावर बँकेचं काम करू नका.

जुन्या एखाद्या अँटिव्हायरसचं ट्रायल पॅक मुदत संपून पडून असेल तर तेही अनइन्स्टॉल करा. ते निघालं की डिफेंडर आपोआप चालू होतो. दोन-दोन अँटिव्हायरस एकदम ठेवणं हा तर ४ जीबी रॅमच्या मशीनवर अन्यायच.

'फुकटचा डिफेंडर काय कामाचा' हा समज जुना आहे आणि एके काळी तो बरोबरही होता. पण जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही संस्था संरक्षण, वेग आणि वापरण्यातली सोय अशा तिन्ही गोष्टींना प्रत्येकी ६ गुण देते, आणि गेली काही वर्षं डिफेंडर तिथं विकतच्या पॅकांच्या बरोबरीनं बसतोय. ऑस्ट्रियातली एव्ही-कंपॅरेटिव्हज ही दुसरी संस्था. कुठलंही पॅक घेण्याआधी या दोघांचे निकाल बघावेत, ते सगळ्यांना खुले असतात. बाहेरच्या कंपन्यांचं फुकट पॅक घेताना मात्र जपून. २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले, कारण लोक इंटरनेटवर काय काय बघतात याची माहिती तिच्या एका उपकंपनीमार्फत विकली गेली होती. राखणीला ठेवलेल्यानं असं करावं, याचा मला अजून राग येतो.

विकतचं पॅक कधी घ्यावं? घरात वयस्कर माणसं एकटी असतील, अडलं तर फोन करून विचारायला कुणी हवं असेल, तर त्या मदतीचे पैसे म्हणून जरूर घ्या. क्विक हील हे आपल्या पुण्याचं, काटकर बंधूंनी दुरुस्तीच्या छोट्या दुकानातून उभं केलेलं. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. माझ्यासारख्या दुरुस्ती करणाऱ्याला त्याचा अभिमान वाटतोच. पण तुमच्या मशीनला आज पॅकपेक्षा एसएसडीची, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्कची, गरज जास्त आहे. पॅकचे पैसे त्यात घाला, मशीन उठून धावायला लागेल.

आता फायरवॉल. माझ्या वयाच्या लोकांना २००३ चा ऑगस्ट आठवत असेल. मी तेव्हा एका सायबर कॅफेत काम करायचो. इंटरनेट जोडलं की थोड्या वेळानं पडद्यावर चौकोन यायचा, '६० सेकंदांत कॉम्प्युटर बंद होईल', आणि खरोखर व्हायचा. तो ब्लास्टर नावाचा वर्म होता, म्हणजे नेटवर्कवरून आपला आपण पसरणारा व्हायरस. कुणी काही उघडायची गरजच नव्हती, इंटरनेटला जोडलेलं असणं पुरेसं होतं. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २००४ मध्ये, विंडोज एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ हा मोठा अपडेट आला आणि विंडोजची फायरवॉल पहिल्यापासूनच चालू मिळायला लागली. तेव्हापासून ती प्रत्येक विंडोजमध्ये आहे.

तिचं काम एवढंच की तुम्ही न बोलावता बाहेरून कुणी आलं तर दार उघडायचं नाही. तुम्ही आतून मागवलेलं मात्र ती येऊ देते. म्हणून क्रॅक उतरवणाऱ्याला फायरवॉल वाचवू शकत नाही, मग ती कितीही महागाची असो. 'टोटल सिक्युरिटी'तली फायरवॉल आतून बाहेर जाणाऱ्यावरही लक्ष ठेवते, हे खरं. पण ती दर थोड्या वेळानं 'याला परवानगी देऊ का' असं विचारते आणि आठवड्याभरात घरातलं प्रत्येक माणूस न वाचता 'अलाऊ' दाबायला शिकतं. ही सवय लागणं जास्त वाईट. विंडोजची फायरवॉल 'डोमेन', 'प्रायव्हेट' आणि 'पब्लिक' या तीनही नेटवर्कांवर चालू ठेवा, आणि वायफाय जोडताना विचारलं तर 'पब्लिक' निवडा. घरात दोन कॉम्प्युटर एकच प्रिंटर वापरत असतील तरच 'प्रायव्हेट'.

तुमचा राउटरही अर्धी फायरवॉलच आहे आणि त्याच्याकडं कुणाचंच लक्ष नसतं. फायबरवाला जोडणी देऊन जातो, राउटरच्या आतल्या पानाचा पासवर्ड मात्र कारखान्यातून आला तोच राहतो. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि हा वेगळा. पुढच्या वेळी तो आला की त्याच्यासमोरच हा बदलून घ्या, आणि बाहेरून राउटरमध्ये शिरायची 'रिमोट मॅनेजमेंट'ची सोय बंद आहे का तेही विचारा.

तुमच्या मशीनचं सगळ्यात नाजूक ठिकाण तुम्ही प्रश्नात सहज लिहून गेलात, ते म्हणजे विंडोज १०. त्याचे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. डिफेंडरला नवे व्हायरस ओळखायची माहिती अजून मिळत राहील, पण खुद्द विंडोजमध्ये सापडणारी भोकं आपोआप बुजवली जाणार नाहीत. याचं काय होतं ते १२ मे २०१७ ला जगानं पाहिलं. वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर ज्या भोकातून शिरलं, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिलेली होती. ज्यांनी ती टाकली नव्हती त्यांची मशीन गेली. घरगुती वापरासाठी ईएसयू नावाची वाढीव अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दिलेली आहे. सेटिंग्जमधल्या 'विंडोज अपडेट'च्या पानावरून त्यात नाव घालता येतं. तुमच्या आय-थ्रीवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळं वहिनींच्या हिशेबासाठी मधल्या काळात नवं किंवा चांगलं सेकंडहँड मशीन बघा, आठव्या जनरेशनपासून पुढचं. हे जुनं मुलीला विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकून द्या, अभ्यासाला आणि व्हिडिओला झकास चालेल. दुसऱ्यांच्या दुकानांचे आकडे ज्या मशीनवर आहेत, ते अपडेटविना ठेवणं मला पटत नाही.

तोवर मुलीसाठी वेगळं 'स्टँडर्ड' खातं करा, ॲडमिनचं नको. झेरॉक्सच्या दुकानात प्रोजेक्ट छापायला जाणारा पेनड्राइव्ह घरच्या कामाला वापरू नका. तिथून तो परत येतो तेव्हा फोल्डरांच्या जागी शॉर्टकट झालेले असतात, आणि त्यावर डबल क्लिक केलं की व्हायरस घरात. त्यापेक्षा पीडीएफ दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवावी.

बॅकअपबद्दल थोडं सांगतो, कारण अँटिव्हायरस चुकला तर उरतो तोच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर ओसरल्यावर माझ्याकडं चिखलानं भरलेले सीपीयू रांगेनं आले. त्यातल्या काहींनी बॅकअप नीट घेतला होता, एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर. ती डिस्क त्याच टेबलाच्या खणात होती. पंचगंगेनं दोन्ही नेलं. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तेच. रॅन्समवेअरचंही असंच असतं, जोडून ठेवलेली डिस्क तेही कॉम्प्युटरबरोबरच कुलूपबंद करतं. तेव्हा डिस्क दोन घ्या. दर शनिवारी कॉपी झाली की वायर काढा, आणि एक डिस्क उंचावर राहणाऱ्या नातेवाइकाकडं ठेवा. महिन्यातून एकदा अदलाबदल करा. जीएसटीच्या फाइल लहान असतात, त्यांची एक प्रत गूगल ड्राइव्हवरही मावेल.

आणि कधी त्या फाइल पांढऱ्या पडायला लागलेल्या दिसल्याच, तर आधी मशीनचं बटण दाबून धरून बंद करा, इंटरनेटची वायर काढा आणि ओळखीतल्या कुणालाही घाईनं फॉरमॅट मारू देऊ नका. 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर दुसऱ्या मशीनवरून ती चिठ्ठी आणि एक बिघडलेली फाइल टाकली की किल्ली उपलब्ध आहे का ते कळतं. बँकेतून पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा, माझ्याकडं मशीन नंतर आणा.