पहिल्या डावात जुन्या भिडूनं खेळू नये

प्रश्न : आम्ही सहा-सात मित्र तरुणपणी एक फँटसी वॉरगेम, म्हणजे टेबलावर छोट्या पुतळ्यांची सैन्यं लढवायचा खेळ, खेळायचो. रांगेत उभं पायदळ, घोडदळ, जादूगार, सगळा लवाजमा. कंपनीनं तो खेळ कधीच बंद केला. आता सवड मिळाली म्हणून पेटारे पुन्हा उघडले आहेत. पण कोणती आवृत्ती खेळायची यावरून आमचीच जुंपते, आणि नवे लोक उत्साहानं येतात, एक डाव खेळतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. खेळच जुनाट झालाय का?

उत्तर : खेळ नाही झाला, तुम्ही झाला आहात. मीही तुमच्याच पिढीतली, म्हणून एवढं बोलायची मुभा घेते.

आधी आवृत्ती, कारण ते भांडण लवकर मिटतं. सर्वांत चांगली आवृत्ती शोधायला जाऊ नका, ती प्रत्येकाची वेगळीच असते: बहुधा तो सतरा वर्षांचा असताना जी चालू होती ती. पेटाऱ्यांतून निघालेली नियमपुस्तकं टेबलावर मांडा. ज्या आवृत्तीच्या प्रती जास्त, ती तुमची. बरोबरी झाली तर जिचे नियम आणि सैन्यांच्या याद्या कमीत कमी पुस्तकांत मावतात ती घ्या. मग वर्षभर तिच्यात काना-मात्रेचा बदल करायचा नाही. ‘जादू पाचवीतली, घोडदळ तिसरीतलं’ अशी सरमिसळ तुम्हाला सोयीची वाटेल, कारण तुमच्या डोक्यात दोन्ही पुस्तकं आहेत. नव्या माणसाच्या हातात मात्र द्यायला एकही पुस्तक उरत नाही.

बॅटलटेकचं उदाहरण बघा. अवाढव्य चालत्या लढाऊ यंत्रांचा हा खेळ 1984चा. काढणाऱ्या कंपनीनं 2001 मध्ये काम थांबवलं, 2007 पासून कॅटॅलिस्ट गेम लॅब्स तो चालवते आणि 2019 मध्ये चाहत्यांनी लोकवर्गणीतून त्याच्यासाठी 25 लाख डॉलरच्या वर रक्कम उभी केली. एवढ्या काळात गाभा तोच राहिला: षटकोनी घरांचा नकाशा, दोन फासे, आणि मार बसेल तसे चिलखताचे ठिपके खोडत जायचा तो कागद. बदललं काय, तर पुतळे नव्यानं घडवले आणि फक्त दोन यंत्रं असलेला एक छोटा डबा काढला. तो डबा मला पुतळ्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. दोन यंत्रं म्हणजे एका संध्याकाळचा खेळ. सैन्य जमवण्याची अट नाही.

वॉरहॅमरच्या बाबतीत गोष्ट थोडी वेगळी झाली. 1983 मध्ये सुरू झालेला तो रांगांचा खेळ 2015 मध्ये बाजूला ठेवला गेला आणि जानेवारी 2024 मध्ये ‘द ओल्ड वर्ल्ड’ म्हणून परत आला. काही जुन्या सैन्यांच्या याद्या मोफत मिळाल्या खऱ्या, पण त्यांच्यात पुढे भर घालणार नाही असंही सांगितलं गेलं. ज्यांचे उंदीरमानव कपाटात उभे होते त्यांचे चेहरे मी पाहिले आहेत. कंपनीला तिचे हिशेब असतात, तुम्हाला नाहीत. तेव्हा कोणाच्याही पेटाऱ्यातलं सैन्य बाद ठरवू नका, मग ते कितीही भिकार रंगवलेलं असो.

आता नवे लोक परत का येत नाहीत ते. तुम्ही त्यांना तुमच्या आवडीचा डाव खेळायला देता: मोठ्ठं टेबल, दोन्हीकडे दीड-दोनशे सैनिक, आणि समोर असा माणूस ज्याला प्रत्येक अपवाद पाठ. तुम्ही सौम्यपणे खेळता असं तुम्हाला वाटत असेल. समोरच्याला कळतं की आपल्याला लिंबूटिंबू म्हणून घेतलंय. ते तर हरण्यापेक्षा वाईट.

म्हणून माझा एकच हट्ट आहे: पहिल्या डावात जुन्या भिडूनं खेळू नये. त्यानं पंच व्हावं आणि दोन्ही बाजूंना नवे लोक बसवावेत. ही कल्पना माझी नाही. प्रशियाच्या सैन्यात 1824 पासून रायस्वित्झ यांच्या नियमांनी नकाशावरचा युद्धखेळ खेळला जायचा. फासे, तक्ते, नुकसानीचे आकडे. हळूहळू नियमांचंच ओझं झालं. 1876 मध्ये व्हेर्दी द्यु व्हेर्नुआ या अधिकाऱ्यानं बहुतेक तक्ते आणि फासे बाजूला सारून निर्णय अनुभवी पंचाच्या हाती दिले. खेळणाऱ्यानं फक्त हुकूम द्यायचे, परिणाम पंच सांगणार. तुम्ही फासे टाकून देऊ नका, फासे हीच निम्मी गंमत आहे. पण नवख्यानं एवढंच म्हणावं, ‘हे घोडेस्वार त्या धनुर्धाऱ्यांवर घालतो.’ किती फासे उचलायचे आणि कितीच्या वर लागतं ते तुम्ही सांगा. दुसऱ्या फेरीपर्यंत तो स्वतःच आकडे बोलायला लागतो.

सैन्य: वीस पायदळ, दहा धनुर्धारी, पाच घोडेस्वार, एक सरदार. दोन्हीकडे जवळपास सारखंच. टेबल चार फूट बाय चार फूट. सहाऐवजी चार फेऱ्या. जादू नाही, उडणारे प्राणी नाहीत, नाव असलेले थोर वीर तर मुळीच नाहीत. आणि काहीतरी मिळवायचं असू दे: पूल, टेकडी, अडकलेली गाडी. ‘समोरच्याला मारा’ एवढंच सांगितलं की नवे लोक सैन्य टेबलाच्या कडेला उभं करून एकमेकांकडे बघत बसतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

सैन्यं तुमची, हातही त्यांचा लागू द्या. भाला वाकेल. वाकू दे.

प्रश्न : आमच्या गटातल्या एकानं जुन्या नियमांवर दुरुस्त्यांचं टिपण केलंय, ते मूळ पुस्तकापेक्षा जाड झालंय. त्याचं म्हणणं, ‘वार लागला का, जखम झाली का, चिलखतानं वाचवलं का’ असे तीनदा फासे टाकणं मागासलेपणाचं आहे, एकदाच टाकावेत. तुमचं मत?

उत्तर : गणित त्याच्या बाजूनं आहे. समजा 12 वार. 4 किंवा वर आलं की लागला: सरासरी 6. पुन्हा 4 किंवा वर आलं की जखम: 3. चिलखत 5 किंवा वर वाचवतं, म्हणजे तिघांतला एक वाचला, 2 मेले. आता एकदाच 12 फासे टाका आणि फक्त 6 मोजा. सरासरी 2च येते. सरासरीच कशाला, कोणीच न मरण्याची किंवा पाच मरण्याची शक्यताही तंतोतंत तीच राहते, कारण प्रत्येक वाराला एक-षष्ठांश संधी आहे.

तरीही मी तीनदाच टाकेन. तिसरा फासा माझा नसतो, समोरच्याचा असतो. माझी पाळी चालू असताना त्याच्या हातात काहीतरी येतं: स्वतःची माणसं वाचवण्याची संधी. जुन्या खेळांत एकाची पाळी संपेपर्यंत दुसरा ताटकळत बसतो. त्यातला हा एक आधारही काढलात तर तो फोन बघत बसेल. दुसरं असं की ढाल, जाड चिलखत, जड कुऱ्हाड यांचे फरक या तीन पायऱ्यांवरच दिसतात. एकाच फाशावर आलात की ते सगळं कोंबायला पुन्हा तक्ता लागणार, आणि तुमचे मित्र तो आनंदानं करतील हे मला माहीत आहे.

टिपण जपून ठेवा. वर्षभर खेळा, ज्या नियमावर टेबलावर खरोखर अडलात त्याच्यापुढे खूण करा, बाकीच्याला हात लावू नका. डावात वाद झाला तर एक फासा टाका: 1 ते 3 तुझं खरं, 4 ते 6 माझं. पुस्तक नंतर उघडा. ही तोडही जुन्या नियमपुस्तकांतच दिलेली असायची, फक्त वाद घालणारे ते पान वाचत नाहीत.

प्रश्न : मावशी, मी सोळा वर्षांचा आहे. एका काकांच्या गटात जुना खेळ शिकतोय. गेल्या डावात मी जिंकत होतो, तेवढ्यात काकांनी मी कधी न ऐकलेला नियम काढला आणि त्यांच्या घोडदळानं माझी मोठी तुकडी बगलेतून उडवली. हे फेअर आहे का? शिवाय माझे सैनिक अर्धे कार्डबोर्डचे आहेत, त्यावर ते हसतात.

उत्तर : बगलेचा नियम बहुतेक खरा असणार. रांगांच्या खेळात मागच्या ओळींचा बोनस समोरून लढताना मिळतो. घोडदळ बगलेत घुसलं की तो जातो, आणि तुकडी वळवायची म्हटलं तर तिची चाल खर्ची पडते. म्हणून मोठ्या तुकडीच्या कडेला नेहमी काहीतरी ठेव: लहानशी तुकडी, जंगल, नाहीतर टेबलाची कडच.

पण तो नियम तुला घाव बसल्यावर कळला, हा रडीचा डाव झाला आणि तो काकांचा आहे. पुढच्या वेळी सुरुवातीलाच विचार, ‘काका, तुमच्या सैन्यात मला दिसत नाही असं काय आहे?’ चांगला भिडू हौसेनं सांगतो, जरा जास्तच सांगतो. आणि चाल करण्याआधी मोठ्यानं बोल: ‘मी इथे थांबलो तर तुम्ही मला बगलेतून गाठू शकता का?’ अंतर दोघांनी मिळून मोजायचं. खेळ आधीच मोजू देत नसेल तर निदान कोणत्या कोनातून आलं की बगल धरतात ते तरी विचार.

कार्डबोर्डचं म्हणशील तर बेसचं, म्हणजे सैनिकाच्या पायाखालच्या बैठकीचं, माप बरोबर ठेव आणि वर तुकडीचं नाव ठळक लिही. रांगांच्या खेळात सगळं बेसच्या मापावर चालतं, वर कोण उभं आहे यावर नाही. हसणाऱ्यांना माझं नाव सांग.

प्रश्न : पुन्हा सुरुवात करतोय. जुने सैनिक 20 मिलिमीटरच्या चौकोनी बेसवर आहेत, नव्या आवृत्तीत 25 मागतात. सगळे उपटून पुन्हा चिकटवायचे?

उत्तर : अजिबात नाही. 25च्या अंतरानं 20चे खाचे पाडलेला मूव्हमेंट ट्रे, म्हणजे अख्खी तुकडी एकत्र सरकवायची तबकडी, करा. पुठ्ठ्याचे दोन थर, वरच्यात चौकोन कापलेले. तुकडीची लांबी-रुंदी नव्या मापाची होते, सैनिक जुन्याच बेसवर राहतात आणि जुनी आवृत्तीही खेळता येते. सुटे फिरणारे सरदार तेवढे नव्या बेसवर घ्या. सुपरग्लूचा जोड सोडवायचा असेल तर पुतळा काही तास फ्रीझरमध्ये ठेवा. थंडीनं तो डिंक ठिसूळ होतो आणि हलक्या पिळ्यानं सुटतो.

प्रश्न : डब्यातून धातूचे जुने सैनिक निघाले, काहींवर पांढरी भुकटी जमली आहे. धुऊन, रंग काढून नव्या मुलांना देणार आहे. व्हिनेगर चालेल?

उत्तर : थांबा. ही बुरशी नव्हे. जुन्या पुतळ्यांच्या मिश्रधातूत बऱ्याचदा शिसं असायचं आणि ही भुकटी म्हणजे बहुधा शिशाचं कार्बोनेट. ती विषारी असते. ॲसेटिक आम्लाच्या वाफेनं ती तयार होते, आणि व्हिनेगरमध्ये तेच आम्ल असतं. पूर्वी पांढरा रंग बनवायला शिसं मुद्दाम व्हिनेगरच्या वाफेत ठेवत. तुम्ही घरबसल्या तोच कारखाना काढाल.

भुकटी कोरडी झटकू नका, फुंकू तर नकाच. हातमोजे आणि मास्क घाला, पुतळा ओला करून जुन्या टूथब्रशनं साबणपाण्यात घासा, पूर्ण वाळवा, मग प्रायमर आणि वार्निश. त्या टेबलावर खाणं-पिणं नको. ज्यांचे चेहरे, बोटं झिजून गेली आहेत ते वेगळे काढा. ओकच्या लाकडाचं कपाट आम्लाची वाफ सोडतं, तिथे परत ठेवू नका. भुकटी धरलेले पुतळे लहान मुलांच्या हाती देऊ नका. त्यांना प्लॅस्टिकचे द्या.

रंग काढायला प्लॅस्टिकसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल, आधी एकाच पुतळ्यावर करून बघा. ॲसिटोन फक्त धातूला. प्लॅस्टिक त्यात विरघळतं.

प्रश्न : नियमपुस्तक आता मिळत नाही. स्कॅन करून सगळ्यांना वाटलं तर?

उत्तर : नको. कंपनी विकत नाही म्हणून हक्क संपत नाही. मात्र बहुतेक देशांत खेळाची यंत्रणा म्हणजे ‘एवढे फासे, एवढ्यावर लागतं’ ही कल्पना कॉपीराइटमध्ये येत नाही. येतात ते शब्द, चित्रं. तेव्हा स्वतःच्या शब्दांत एक पानाचा सारांश लिहा. नव्या माणसाला पहिल्या दिवशी तेवढंच लागतं, आणि लिहिताना तुमच्या लक्षात येईल की निम्मे नियम तुम्ही आठवणीतून, चुकीचे खेळत होता.

प्रश्न : सैनिक क्लबमध्ये नेताना पडतात. चुंबक लावू का?

उत्तर : लावा. बेसखाली छोटं निओडिमियम चुंबक, डब्याच्या तळाला लोखंडी किंवा पोलादी पत्रा. ॲल्युमिनियमचा घेऊ नका, त्याला चुंबक चिकटत नाही. पत्र्याऐवजी चुंबकी रबराची शीट टाकणार असाल तर बेसखाली चुंबकाऐवजी पोलादी वॉशर लावा. धातूचा घोडेस्वार जड असतो, त्याला दोन.