मंत्रिपरिषद आणि मंत्रिमंडळ: निर्णय नेमका कोणाचा?

प्रश्न असा आला आहे: बातम्यांत कधी ‘केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी’ असते, कधी ‘मंत्रिपरिषदेची बैठक’. दोन्ही एकच का? आणि लिहायचं मंत्रिमंडळ की मंत्रीमंडळ?

एकच नाहीत. मंत्रिपरिषदेत सगळे मंत्री येतात, राज्यमंत्रीसुद्धा. त्यातल्या फक्त कॅबिनेट दर्जाच्या मंत्र्यांचं मिळून मंत्रिमंडळ होतं, आणि सरकारचं धोरण ठरतं ते तिथे. एखादं खातं प्रस्तावाची टिपणी तयार करतं, अर्थखात्याचे आणि इतर संबंधित खात्यांचे अभिप्राय घेतं, मग ती मंत्रिमंडळापुढे जाते. बरेच विषय तर आर्थिक व्यवहार, सुरक्षा अशा मंत्रिमंडळ समित्यांतच निकालात निघतात. गंमत अशी की निर्णय मोजक्यांचा असला, तरी अनुच्छेद ७५ प्रमाणे लोकसभेला सामुदायिकपणे जबाबदार असते ती अख्खी मंत्रिपरिषद.

मराठीत मात्र दोन्हींना सर्रास मंत्रिमंडळच म्हणतात. नुसत्या राज्यमंत्र्यांचा शपथविधी झाला तरी मथळा ‘मंत्रिमंडळ विस्तार’ असाच येतो. बोलण्यात ते खपून जाईल, पण निर्णय कोणी घेतला हे सांगताना हा फरक पुसू नये, असं मला फार वाटतं.

त्याला कारण आहे. मूळ राज्यघटनेत ‘कॅबिनेट’ हा शब्दच नव्हता. अनुच्छेद ७४ मंत्रिपरिषदेबद्दल बोलतो. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपतींची सही झाली, ती केवळ पंतप्रधानांच्या सल्ल्यावरून. मंत्रिमंडळाला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणून १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५२ मध्ये अट घातली: मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर करायची नाही. घटनेत हा शब्द आला तो असा.

मराठी वाचकाला याहून जवळचं उदाहरण चिंतामणराव देशमुखांचं. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं, तेव्हा लोकसभेतल्या निवेदनात त्यांचा एक आक्षेप हाच होता, की मुंबई केंद्रशासित ठेवण्याचा निर्णय मंत्रिमंडळात विचार न होताच जाहीर झाला. मुंबई महाराष्ट्राला मिळावी हा त्यांचा आग्रह सगळ्यांना आठवतो. कार्यपद्धतीबद्दलचा हा आक्षेप मला तितकाच मोलाचा वाटतो.

आता ऱ्हस्व-दीर्घाचं. मूळ संस्कृत शब्द ‘मंत्रिन्’. मराठीत सुटा लिहिताना ‘मंत्री’, पण समासात पहिलं पद असेल तर ‘त्रि’ ऱ्हस्व: मंत्रिमंडळ, मंत्रिपरिषद, मंत्रिपद. ‘मुख्यमंत्री’त तो शेवटी येतो म्हणून दीर्घ, आणि ‘मुख्यमंत्रिपद’ लिहिताना पुन्हा ऱ्हस्व.