सगळं समजतं, पण बोलत नाही

"हिला इंग्रजी सगळं समजतं हो, पण तोंडातून एक वाक्य निघत नाही. आणि क्लासमध्ये नुसते खेळ घेतात. खेळून कुठे भाषा येते का?" सात वर्षांच्या मुलीची आई काकुळतीला आली होती. मुलगी शेजारी बसून फ्रॉकची कड बोटाला गुंडाळत होती.

घरी सराव कसा घेता, ते विचारलं. आई रोज पेन समोर धरून म्हणायची, "व्हॉट इज धिस?" पेन तर दोघींनाही दिसतंय! मुलांना हे बरोबर कळतं की आपली परीक्षा चाललीय. आणि चुकलं की लगेच दुरुस्ती. ताण वाढला की कानावर पडलेली भाषाही आत झिरपत नाही, असं भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी १९८२ च्या पुस्तकात मांडलं आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये ते मी वरचेवर पाहते.

मी एक चित्र वहीआड धरलं. "यात एक प्राणी आहे. विचारत विचारत ओळखायचा." बराच वेळ शांतता. मी थांबून राहिले. मग अगदी हळू आवाज आला, "इट बिग?" आईचे ओठ हलले, मी हातानेच थांबवलं. "यस, इट इज बिग." पुढचा प्रश्न आला, "इट हॅव टेल?" "यस, इट हॅज अ लाँग टेल." चौथ्या प्रश्नाला ती आपसूक म्हणाली, "इज इट ब्राउन?" उत्तर खरोखरच हवं होतं, म्हणून ती विचारत होती. दुरुस्ती माझ्या उत्तरातच होती, तिला ती टोचली नाही.

जे मूल अजून एक शब्दही बोलत नाही, त्याच्यासाठी मी हुकमांचा खेळ घेते: स्टँड अप, टच युअर नोज. मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी १९६० च्या दशकात रुजवलेली ही पद्धत. आधी शरीराने उत्तर द्यायचं, बोलायची सक्ती नाही. काही दिवसांनी हुकूम सोडायची पाळी मुलाची.

आईंना दोनच गोष्टी सांगितल्या. खेळ रोज दहा मिनिटं, मुलगी कंटाळायच्या आत थांबवायचा. आणि मध्येच घरची भाषा आली तर येऊ द्यायची, तोच शब्द आपण इंग्रजीत म्हणून पुढे जायचं.

तीन आठवड्यांनी दोघी आल्या. मी काही म्हणायच्या आत मुलीने आईकडे बोट दाखवलं, "आई, स्टँड अप! नाऊ यू जंप!"

आईंनी पर्स खाली ठेवली आणि खरोखर उडी मारली.