प्रायोगिक कवयित्री की प्रयोगशील?

प्रश्न असा आला आहे: 'कॅरोलाइन बर्गवॉल या लंडनमध्ये राहणाऱ्या कवयित्रीवर टिपण लिहिते आहे. इंग्रजीत तिला एक्सपेरिमेंटल पोएट म्हणतात. मराठीत प्रायोगिक म्हणू की प्रयोगशील?'

बाईंना प्रयोगशील म्हणा. त्यांच्या सगळ्या नाही, पण एखाद्या कामाला प्रायोगिक खुशाल म्हणा.

'शील' लागलं की अंगचा स्वभाव येतो: सहनशील, विचारशील. म्हणून तर बांधावर नवं वाण लावून बघणारा शेतकरी बातमीत 'प्रयोगशील' असतो, 'प्रायोगिक शेतकरी' कुणी लिहीत नाही. 'प्रायोगिक'मधला 'इक' नुसता संबंध दाखवतो. शिवाय 'प्रायोगिक तत्त्वावर' या सरकारी शब्दप्रयोगाने त्याला तात्पुरतेपणाचा वास लावून ठेवला आहे; 'प्रायोगिक कवयित्री' म्हटलं की सहा महिने बघू, जमलं तर कायम करू, असं काहीतरी वाटतं.

मग प्रायोगिक रंगभूमीचं काय? तिथे हा शब्द रुळला तो 'व्यावसायिक' या जोडीदारामुळे. सत्तरच्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेत जी नाटकं होत, त्यांना शिवाजी मंदिरातल्या नाटकांपासून वेगळं काढायला एक नाव हवंच होतं. कवितेत अशी जोडी नाही. व्यावसायिक कविता कुठे असते? (चित्रपटगीतं सोडून देऊ.)

आता बर्गवॉल यांच्याकडे वळू. जन्म 1962, जर्मनीत. घरात फ्रेंच आणि नॉर्वेजियन. लेखन मुख्यतः इंग्रजीत. त्यांची 'विया' ही रचना पाहा. इटालियन महाकवी दान्तेच्या 'इन्फर्नो' या नरकप्रवासाच्या काव्यातल्या पहिल्या तीन ओळी, म्हणजे आयुष्याच्या मध्यावर अंधाऱ्या रानात वाट चुकल्याच्या, सगळ्यांना ठाऊक आहेत. दान्तेने हा प्रवास 1300 सालात कल्पिला आहे. त्याला सातशे वर्षं झाली त्या मे 2000 पर्यंत ब्रिटिश लायब्ररीत जमा असलेले या तीन ओळींचे इंग्रजी अनुवाद बर्गवॉल यांनी गोळा केले आणि जसेच्या तसे उतरवून काढले. क्रम लावला तो कालानुसार नाही, पहिल्या ओळीच्या अकारविल्हे. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या पाद्र्याशेजारी 1990 नंतरचा अनुवादक येऊन बसतो. प्रत्येक तुकड्याखाली अनुवादकाचं आडनाव आणि साल, बस. बाईंचा स्वतःचा एक शब्द नाही. मोठ्याने वाचत गेलं की रान तेच राहतं, पण दर वेळी 'मध्यावर'चा शब्द किंचित सरकतो आणि वाट नव्याने हरवते.

ही प्रायोगिक रचना. इथे खरोखर प्रयोगशाळेची शिस्त आहे: मूळ मजकूर स्थिर, नियम आधी ठरवलेला, निकाल काय लागेल तो लागो.

'ड्रिफ्ट' (2014) मात्र मला या अर्थाने प्रायोगिक वाटत नाही. त्यात जुन्या इंग्रजीतली 'सीफेरर' ही समुद्रावरच्या एकाकी माणसाची कविता आहे आणि तिच्या शेजारी 2011 साली लिबियातून निघालेल्या निर्वासितांच्या बोटीची हकिकत. बोटीत 72 माणसं होती. इंधन संपलं, मदत मागूनही ती आली नाही, दोन आठवडे भरकटून बोट पुन्हा लिबियाच्याच किनाऱ्याला लागली. शेवटी नऊ जण वाचले. पुस्तकात दिशा हरवण्यासाठीचा एक जुना नॉर्स शब्द येतो, आणि त्या भागात इंग्रजी शब्दांतली अक्षरं गळत जातात. वाचता वाचता आपल्यालाच ओळ सापडेनाशी होते. हे करून बघू म्हणून केलेलं नाही. सांगायचं होतं ते दुसऱ्या कुठल्या इंग्रजीत मावलंच नसतं. याला 'प्रयोगशील लेखन' म्हणावं. 'शील' फक्त माणसालाच लागतं असं नाही. संवेदनशील विषय, विकसनशील देश आपण म्हणतोच.

टिपण लिहिताना खरी पंचाईत पुढेच आहे. बर्गवॉल मंचावरही सादर करतात. 'रागाडॉन' (2016) ही त्यांची कलाकृती तर पहाटे, उघड्यावर, सूर्योदयाच्या वेळी होते. नावातला 'राग' आपल्या संगीतातलाच, आणि 'डॉन' म्हणजे इंग्रजीतली पहाट. मराठीत 'रागाडॉनचे प्रयोग झाले' म्हटलं की नाटकाचे खेळ डोळ्यांसमोर येतात, आणि त्याच परिच्छेदात 'कवितेतले प्रयोग' असतील तर वाचक गोंधळणार. म्हणून मंचावरच्या कामाला 'सादरीकरण' वापरा, थोडा कोरडा शब्द असला तरी, आणि 'प्रयोग' लेखनापुरता राखून ठेवा.